देणगी, वर्गणी आणि दर : 'मेक इट पे'च्या निमित्ताने

एखादी संस्था कशी आहे हे जाणायचे असेल तर तिची घटना वाचण्याआधी तिची पावतीपुस्तके पाहावीत, असे मला अनुभवाने वाटू लागले आहे. एका ग्रंथालयाच्या कार्यकारिणीत काही वर्षे खजिनदाराचे काम करण्याचा योग आला, तेव्हा हे प्रथम ध्यानात आले. रक्कम तीच असली तरी पावतीवर 'देणगी' लिहिले आहे, 'वर्गणी' लिहिले आहे की 'शुल्क', ह्यावर पैसे देणाऱ्याचे संस्थेशी असलेले नाते पुष्कळसे अवलंबून असते. वर्गणीदार वार्षिक सभेला येऊन हिशेब विचारतो. शुल्क भरणारा आपले पुस्तक घेऊन निघून जातो. देणगीदाराचा शब्द डावलणे कार्यकारिणीला जड जाते. तिघेही वाचकच, पण तीन तऱ्हेचे.

हे सारे पुन्हा मनात आले ते एका माहितीपटामुळे. अमेरिकेतील जेसन स्कॉट ह्यांनी २००५ मध्ये 'बीबीएस : द डॉक्युमेंटरी' हा आठ भागांचा माहितीपट प्रसिद्ध केला. इंटरनेट सामान्य माणसाच्या घरात येण्यापूर्वी, साध्या टेलिफोनच्या तारेवरून चालणारे जे संगणकीय सूचनाफलक होते, त्यांचा हा इतिहास. चार वर्षे खपून दोनशेहून अधिक व्यक्तींच्या मुलाखती घेऊन, सुमारे साडेपाच तासांचा हा ऐवज त्यांनी तयार केला आणि कोणालाही त्याच्या प्रती काढता याव्यात अशा खुल्या परवान्यावर दिला. त्यातील 'मेक इट पे' हा भाग फलकांच्या व्यवसायाविषयी आहे. ह्या भागाचे मोल मान्य करूनही त्याच्याशी एक भांडण मांडावे, असे मला वाटते. त्यासाठी आधी वस्तुस्थिती थोडक्यात सांगायला हवी, कारण आज चाळिशीच्या आतल्या वाचकाने असा फलक बहुधा पाहिलेलाही नसेल.

१९७८च्या जानेवारीत शिकागोवर मोठे हिमवादळ आले. त्या दिवसांत वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस ह्या दोन हौशी मित्रांना कल्पना सुचली की, आपल्या संगणक-मंडळाच्या भिंतीवर टाचण्या मारून लावलेला जो फलक असतो, तो संगणकातच का ठेवू नये? यंत्र स्यूस ह्यांनी जुळवले, प्रणाली क्रिस्टेन्सन ह्यांनी लिहिली, आणि १६ फेब्रुवारी १९७८ रोजी त्यांचा फलक लोकांसाठी खुला झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या 'बाइट' मासिकात दोघांनी त्याची सारी रचना छापून टाकली. दुसऱ्यांनीही असे फलक उभारावेत, हाच त्यामागचा हेतू होता.

रचना अगदी साधी होती. एक संगणक, एक मोडेम आणि एक टेलिफोन-लाइन. दूरचा माणूस आपल्या मोडेमवरून तो क्रमांक फिरवी, संगणक फोन उचली, आणि पडद्यावर आधीच्या लोकांनी लिहून ठेवलेले निरोप दिसू लागत. तो वाची, आपले लिही आणि फोन ठेवी. मग पुढच्याची पाळी. लाइन एकच असल्यामुळे एका वेळी एकच माणूस आत. बाकीच्यांना 'एंगेज'चा सूर ऐकू येई. सुरुवातीच्या मोडेमचा वेग सेकंदाला तीसेक अक्षरांचा. म्हणजे पुस्तकाचे एक पान पडद्यावर उमटायला मिनिटभर लागे. आपल्या ग्रंथालयात एकच खुर्ची असावी आणि त्या खुर्चीवर बसलेल्याने उठेपर्यंत दुसऱ्याने दाराबाहेर उभे राहावे, असा हा प्रकार होता. फलकापाशी दुर्मीळ असे काही होते तर ते ज्ञान नव्हे, यंत्रही नव्हे. ती वेळ होती. पैशाचा सगळा पुढचा इतिहास ह्या एका खुर्चीच्या वाटपाचा इतिहास आहे.

ह्यात अमेरिकेतील टेलिफोनच्या आकारणीचा मोठा भाग आहे. तिकडे बहुतेक घरांतून स्थानिक फोनला ठरावीक मासिक आकार असे. गावातल्या गावात दोन तास बोलले तरी बिल वाढत नसे. परगावच्या फोनला मात्र मिनिटाचा हिशेब, आणि तोही दिवसा महाग, मध्यरात्री स्वस्त. म्हणून फलक गावोगावचे, मोहल्ल्याचे राहिले. ब्रिटनसारख्या देशात स्थानिक फोनलाही मीटर पडे. तेथे फलक पाहणारा माणूस चालकाला छदामही न देता टेलिफोन कंपनीला पैसे मोजतच असे. अमेरिकेतला पाहुणा फुकट येत होता, पण यजमानाला लाइनीचे भाडे, वीज, डिस्क आणि मोडेम ह्यांचा खर्च दरमहा होताच. तो खर्च कोणी आणि कसा भागवायचा?

पहिले उत्तर अर्थातच यजमानाच्या खिशाचे. हजारो फलक असेच चालले. घरमालक आपल्या पगारातून दुसरी टेलिफोन-लाइन घेई आणि फलक घरातल्या कोपऱ्यातल्या टेबलावर रात्रंदिवस चालू ठेवी. ह्या उदारपणाची स्मृती माहितीपटात फार आपुलकीने आली आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु जो एकटा खर्च सोसतो तो एकटाच राज्यही करतो, ही त्याची दुसरी बाजू. कोणाला आत घ्यायचे, कोणाला किती मिनिटे द्यायची, कोणाचा निरोप पुसायचा, सारे चालकाच्या मर्जीवर. पाहुण्याला तक्रार करायला तोंड नसे, कारण त्याने काही दिलेलेच नसे. पुष्कळ चालक भले होते म्हणून पुष्कळ फलक भले होते. एवढाच त्याचा आधार.

मग देणगी आली. नवा मोडेम घ्यायचा आहे, डिस्क भरली आहे, यथाशक्ति मदत करा, अशी सूचना पडद्यावर झळके, आणि लोक चालकाच्या पत्त्यावर चेक पाठवत. ही देणगी वाटते तितकी निरुपद्रवी नव्हती. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस टेक्सासमधील ह्यूस्टन शहरात टेलिफोन कंपनीने असे म्हणणे मांडले की, फलक चालवणे हा घरगुती वापर नव्हे. त्याला दुकानाचा चढा दर लागला पाहिजे. चालक एकत्र आले, प्रकरण नियामकांपुढे गेले, आणि तडजोडीचा सूर असा निघाला की, राहत्या घरातल्या, तीनपर्यंतच लाइनी असलेल्या आणि पैशाची मागणी न करणाऱ्या फलकाला घरगुती दर मिळावा. म्हणजे फलक घर आहे की दुकान, हे तेथे काय बोलले जाते ह्यावरून ठरले नाही. पैसे मागितले जातात की नाही ह्यावरून ठरले. मागण्यातल्या एका शब्दाने संस्थेची जात बदलते, हा खजिनदाराचा अनुभव तेथे कायद्याच्या भाषेत लिहिला गेला.

दुसरे उत्तर वस्तुविनिमयाचे. फलकावर निरोपांच्या जोडीला प्रणाली, चित्रे आणि मजकूर अशा फायलीही असत. १९९०च्या आसपास प्रचलित असलेल्या २४०० वेगाच्या मोडेमवरून एक मेगाबाइटची फाइल उतरवायला सव्वा तास लागे. तेवढा वेळ लाइन अडलेली. तेव्हा चालकांनी नियम केला : जितके न्याल त्याच्या प्रमाणात काही आणूनही द्या. वरकरणी हा नियम आपल्याकडच्या कोणत्याही भिशीइतका न्याय्य वाटतो. प्रत्यक्षात काय झाले? माप मजकुराचे नव्हते, आकाराचे होते. म्हणून माणसे काहीही आणून टाकू लागली. स्वतःचे लिहिलेले फार थोड्यांपाशी असते; दुसऱ्याचे उचललेले कोणापाशीही असू शकते.

ओहायोतील बोर्डमन येथे रस्टी आणि ईडी ह्या दांपत्याचा प्रसिद्ध फलक होता. वर्षाला ८९ डॉलर वर्गणी, शंभराहून अधिक लाइनी आणि हजारो सभासद असा त्याचा पसारा. ३० जानेवारी १९९३ रोजी त्यावर एफबीआयची धाड पडली. पुढे 'प्लेबॉय' मासिकाच्या मालकांनी आपली छायाचित्रे त्या फलकावरून वाटली जात असल्याबद्दल दावा लावला. १९९७च्या निकालात न्यायालयाने चालकांना जबाबदार धरले, आणि त्यामागच्या कारणांत फायली आणून टाकण्यासाठी सभासदांना दिले जाणारे हे उत्तेजनही होते : एक मेगाबाइट द्या, दीड मेगाबाइट न्या. 'आम्ही केवळ जागा दिली, वस्तू लोकांनी आणल्या,' हा बचाव टिकला नाही. आकारणीच्या पद्धतीनेच यजमानाला भागीदार करून टाकले होते.

तिसरे उत्तर घड्याळाचे, आणि साहित्याच्या वाचकाने सर्वांत अधिक लक्ष द्यावे असे हेच आहे. मोठ्या व्यापारी सेवा प्रथमपासून तासावर पैसे घेत. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९८५ साली स्ट्युअर्ट ब्रँड आणि लॅरी ब्रिलियंट ह्यांनी सुरू केलेला 'द वेल' हा सुशिक्षितांचा गाजलेला अड्डाही महिन्याला ८ डॉलर आणि शिवाय तासाला २ डॉलर घेई. तासाला पैसे पडू लागले की माणसाचे वाचणे बदलते. पडद्यावर निवांत वाचणे ही उधळपट्टी ठरते. म्हणून सारे निरोप एका गठ्ठ्यात भराभर उतरवून घ्यायचे, फोन ठेवायचा, घरी सावकाश वाचायचे, उत्तरे लिहून ठेवायची आणि पुन्हा एकदा फोन लावून तीही एकगठ्ठा टाकायची, अशी रीत पडली. 'क्यूडब्ल्यूके' नावाचा गठ्ठ्यांचा प्रकार १९८७पासून त्यासाठीच रूढ झाला. त्याचा एक अनपेक्षित परिणाम चांगला होता. संभाषणाचे पुन्हा पत्र झाले. उत्तर देणाऱ्याला रात्रभर विचार करायला सवड मिळू लागली, आणि त्या काळचे जतन झालेले निरोप वाचले तर पुष्कळांत पत्रलेखनाची ऐसपैस ठेवण दिसते. ज्यांना गठ्ठ्याची सोय नव्हती त्यांचे लेखन मात्र तारेसारखे आखडले. एकाच दराने दोन निराळी गद्ये घडवली, असे म्हणायला हरकत नाही.

'वेल'विषयी हॉवर्ड ऱ्हाइनगोल्ड ह्यांनी १९९३ साली 'द व्हर्च्युअल कम्युनिटी' हे पुस्तक लिहिले. त्यातून एक मार्मिक गोष्ट कळते. 'ग्रेटफुल डेड' ह्या वाद्यवृंदाचे चाहते तेथे आले, तासन्‌तास बोलत राहिले आणि त्यांच्या बिलांतून संस्थेचा मोठा खर्च निघू लागला. चर्चांचे सूत्रधार आणि पत्रकार ह्यांना प्रवेश मोफत असे. म्हणजे बडबडणाऱ्यांच्या पैशावर विचारवंत पोसले जात होते. आपल्याकडच्या नाट्यगृहाचा खर्च हलक्याफुलक्या नाटकांवर निघावा आणि त्यावर प्रायोगिक नाटक तगावे, त्यातलाच हा प्रकार. त्यात गैर काही नाही. पण तगणाऱ्याला आपण कोणामुळे तगलो हे ठाऊक असावे, एवढेच.

चौथे उत्तर वार्षिक वर्गणीचे. विस्कॉन्सिनमध्ये बॉब माहोनी ह्यांनी १९८३ मध्ये 'एक्झेक-पीसी' हा फलक सुरू केला. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत त्याला २८० टेलिफोन-लाइनी होत्या आणि वर्षाची वर्गणी ७५ डॉलर. एका खुर्चीच्या ग्रंथालयात २८० खुर्च्या झाल्या. पण प्रत्येक खुर्चीला वेगळे भाडे, वेगळा मोडेम. म्हणजे प्रत्येक नव्या सोयीबरोबर पुढच्या महिन्याचे देणे वाढते. ते देण्यासाठी नवे वर्गणीदार, त्यांच्यासाठी नव्या लाइनी. ह्या चक्रात हौस कधी मागे पडली आणि धंदा कधी पुढे आला, हे 'मेक इट पे'मध्ये उत्तम प्रकारे दिसते. फ्लोरिडातील 'गॅलॅक्टिकॉम'सारख्या कंपन्यांनी एकाच यंत्रावर अनेक लाइनी चालवणाऱ्या आणि प्रत्येक सभासदाच्या खात्यातून वेळेच्या हिशेबाने पत वजा करत जाणाऱ्या प्रणाली विकायला काढल्या. १९८७ मध्ये जॅक रिकार्ड ह्यांचे 'बोर्डवॉच' हे ह्या जगाचे मासिक निघाले. १९९४च्या सुमारास अमेरिकेत साठ हजार फलक असल्याचा अंदाज छापला गेला. आणि मग दोन-तीन वर्षांत हे सारे ओसरले.

हा चढ आणि हा उतार सांगण्यात माहितीपट कोठेच कमी पडत नाही. बोलणाऱ्या माणसांना तो पुरेसा अवकाश देतो, त्यांच्या अभिमानाला हसत नाही आणि त्यांच्या चुका झाकत नाही. रँडी स्यूस २०१९ मध्ये निवर्तले, वॉर्ड क्रिस्टेन्सन २०२४ मध्ये. दोघांचेही शब्द आज उपलब्ध आहेत ह्याचे श्रेय स्कॉट ह्यांच्या चिकाटीला आहे. दफ्तर न ठेवणाऱ्या लोकांचा इतिहास त्यांच्या हयातीतच टिपावा लागतो, हे त्यांनी ओळखले. आपल्या गावोगावच्या महाराष्ट्र मंडळांच्या पहिल्या पिढीबाबत आपण ते पुरते ओळखले नाही, हे येथे खेदाने नमूद करावेसे वाटते.

माझे भांडण आहे ते मांडणीशी. माहितीपटाने आठ विषय आठ खणांत ठेवले आहेत : आरंभ एका भागात, चालक व सभासद दुसऱ्यात, धंदा तिसऱ्यात, 'फायडोनेट' चौथ्यात, आणि असेच पुढे. त्यामुळे पैसा हा जणू धंदेवाल्यांचाच विषय ठरतो. ज्यांनी तो घेतला नाही ते निर्मळ, ज्यांनी घेतला ते व्यापारी, अशी विभागणी कोणी उच्चारली नाही तरी खणांच्या रचनेतून ती आपोआप उमटते. 'मेक इट पे' हे शीर्षकही चालकाच्या बाजूचे आहे : ह्यातून पैसा कसा निघेल? 'हे कोणी भरावे आणि भरणाऱ्याचा हक्क काय?' हा प्रश्न त्या शीर्षकाखाली मावत नाही. सॉफ्टवेअर विकणारे, मोठे फलक उभारणारे, मासिक काढणारे बोलतात. वर्षाचा चेक पाठवणारा माणूस त्या मानाने ओझरता राहतो.

वास्तविक पैशाचा सर्वांत विचारपूर्वक प्रयोग दुसऱ्याच खणात, 'फायडोनेट'च्या भागात आहे. टॉम जेनिंग्ज ह्यांनी १९८४ मध्ये सुरू केलेली ही योजना अशी की, निरनिराळ्या गावांतील फलकांनी मध्यरात्री, म्हणजे परगावचा फोन स्वस्त असताना, एकमेकांना आपोआप फोन लावावेत आणि दिवसभर साठलेली पत्रे पुढे पाठवावीत. परगावच्या फोनचे बिल कोणाला तरी येणारच. मग एका शहरातले चालक मिळून एकाकडे टपाल गोळा करत, तो एकच फोन करी आणि खर्चाचा वाटा सारे उचलत. पत्र पाठवणाऱ्या सभासदाच्या नावेही फलकात छोटेसे जमा-खर्चाचे खाते ठेवण्याची सोय होती. डॅलसच्या जेफ रश ह्यांनी सार्वजनिक चर्चाही ह्याच वाटेने गावोगाव पोचवण्याची युक्ती काढल्यावर टपाल अतोनात वाढले आणि वाटणीवरून भांडणेही झाली. सगळ्या जाळ्याची मिळून एक संस्था करण्याचा प्रयत्न १९८९ मध्ये विसर्जित झाला. संस्था मोडली, वाटणी करून टपाल नेणे मात्र चालू राहिले, कारण ते ओळखीच्या पाच-दहा माणसांच्या हिशेबावर उभे होते.

वडोद्याच्या वाचकांना येथे एक जुनी योजना आठवेल. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून राज्यात मोफत वाचनालयांचे जाळे विणायला घेतले. वाचन मोफत होते, पण वाचनालय आपोआप उगवत नसे. गावाने ठरावीक रक्कम उभी करायची, तेवढीच प्रांत पंचायतीने घालायची आणि तेवढीच सरकारने, अशी ती तीन वाट्यांची व्यवस्था होती. मोफत ह्या शब्दाच्या पाठीशी एक तृतीयांश वर्गणी गावाची होती, म्हणून वाचनालय गावाचे होते. 'फायडोनेट'च्या मध्यरात्रीच्या टपालात मला हीच बुद्धी दिसते. माहितीपटाने हा भाग धंद्याच्या भागाशेजारी ठेवून पाहिला असता, तर 'फुकट की पैसे' ह्यापेक्षा 'एकट्याचे की वाटून' हा अधिक खोल भेद प्रकट झाला असता.

२०२२ मध्ये केव्हिन ड्रिस्कॉल ह्यांचे 'द मोडेम वर्ल्ड' हे पुस्तक येल विद्यापीठाने प्रसिद्ध केले. इंटरनेटचा इतिहास सरकारी प्रयोगशाळांपासून सुरू करण्याच्या रूढीला त्यांनी आव्हान दिले आहे आणि आजच्या समाजमाध्यमांचे खरे पूर्वज हे गावोगावचे फलक होते, असे साधार मांडले आहे. पैशाच्या बाबतीत ते स्कॉट ह्यांच्यापुढे एक पाऊल जातात. फलकांनी खर्च भागवण्याचे नाना मार्ग चोखाळले होते, तेव्हा जाहिरातींवर पोसलेली आजची व्यवस्था ही काही एकमेव वाट नव्हे, हा त्यांचा मुद्दा मला पटतो. तरी त्यातही एक उणीव जाणवते. हे मार्ग जणू एका दुकानातले सारख्याच मोलाचे नमुने आहेत, निवडा त्यातला कोणताही, असा भास त्या मांडणीतून होतो. ते सारखे नव्हते. प्रमाणाच्या नियमाने उचलेगिरीला उत्तेजन दिले, घड्याळाने गद्य घडवले-बिघडवले, यजमानाच्या खिशाने हुकूमशाही पोसली, वर्गणीने निदान हक्काची भाषा शक्य केली. आकारणी म्हणजे संस्थेच्या बाहेर ठेवलेली पेटी नव्हे. ती आतल्या माणसांना वळण लावते.

वर्गणीचीही बाजू उजळच आहे असे नाही. ७५ डॉलरचा चेक लिहू न शकणारा शाळकरी मुलगा वर्गणीच्या फलकाबाहेरच राहत होता, आणि त्याला आश्रय देणारा फलक बहुधा कोणा एकाच्या खिशावर चाललेला असे. शिवाय हजारो वर्गणीदार असलेल्या फलकातही कारभारात मत द्यायची सोय सहसा नव्हती; वर्गणी नावाची, व्यवहार ग्राहकाचा. हक्काची भाषा शक्य झाली, ती बोलली मात्र फार थोड्या ठिकाणी गेली. फलकांचे जग इतक्या लवकर ओसरले ह्याचे कारण इंटरनेट स्वस्त आणि विस्तीर्ण होते हे तर आहेच. पण ग्राहकाला दुसरे दुकान दिसताच तो जातो, सभासद थोडा थांबतो, हेही आहे. १९९५-९६ पासून मोठे फलक स्वतःच इंटरनेटची जोडणी विकू लागले, 'एक्झेक-पीसी'ही त्यांत होता.

१ डिसेंबर १९९६ रोजी 'अमेरिका ऑनलाइन' ह्या बलाढ्य सेवेने तासाचा हिशेब सोडून महिन्याला १९.९५ डॉलरचा सरसकट दर लागू केला. लोक आत शिरले ते बाहेर पडेनात. लाइनी कोंडल्या, 'एंगेज'चा सूर पुन्हा ऐकू येऊ लागला, आणि १९९७च्या आरंभी कंपनीला ग्राहकांना पैसे परत देण्याचे कबूल करावे लागले. एकोणीस वर्षांनी पुन्हा त्याच एका खुर्चीचा प्रश्न. पुढे खुर्च्या अगणित झाल्या आणि भरणाऱ्याकडून काहीच न घेण्याचा रिवाज पडला. तेव्हा दुर्मीळ वस्तू बदलली. आता यंत्राचा वेळ नव्हे, माणसाचा वेळ विकला जाऊ लागला. आणि तो विकणारा त्या माणसाला पावती देत नाही.

आपल्या देशात हे फलक उशिरा आले आणि थोडेच राहिले. बेळगावशी शिक्षणाच्या नात्याने जोडलेले अतुल चिटणीस (१९६२–२०१३) ह्यांनी 'सीआयएक्स' हा आरंभीच्या भारतीय फलकांपैकी एक चालवला, हे तेथील वाचकांना सांगायला हवे. पण टेलिफोन मिळवण्यासाठीच वर्षानुवर्षे रांगेत थांबणाऱ्या समाजात दुसरी लाइन परक्यांसाठी मोकळी ठेवणे ही चैन होती. १९९४च्या सुमारास दूरसंचार खात्याने असे फलक चालवणाऱ्यांकडून लक्षावधी रुपयांचे वार्षिक परवानाशुल्क मागण्याचे धोरण आणले, आणि हौशी चालकांनी त्याला विरोध केला. ह्यूस्टनच्या कंपनीला घर आणि दुकान ह्यांतला फरक निदान विचारात घ्यावा लागला. आपल्या खात्याने हौशी माणसालाही व्यापाऱ्याच्या तराजूत घातले. वर्षभरात, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा सुरू झाली आणि हा अध्याय मिटला. आपल्याला फलकाचा सभासद होण्याची सवय लागलीच नाही; आपण थेट ग्राहक झालो, आणि थोड्याच काळात ग्राहकही उरलो नाही.

ह्या इतिहासाने मला जे शिकवले ते माझ्या जुन्या पावतीपुस्तकांशी जुळणारे आहे. महाराष्ट्राबाहेर शंभर-सव्वाशे वर्षे टिकलेल्या आपल्या ग्रंथालयांना आणि मंडळांना राजाश्रय मिळाले, देणगीदार मिळाले. पण आश्रय गेल्यावर आणि देणगीदारांची घराणी पांगल्यावर ती टिकली ती वर्षाकाठी अल्प रक्कम भरून हिशेब विचारणाऱ्या सभासदांमुळे. आज आपल्यापैकी अनेक मंडळे आपले सारे संभाषण फुकटच्या माध्यमांवर हलवत आहेत आणि वर्गणी कशाला, असा प्रश्न तरुण सभासद विचारतात. त्यांना 'मेक इट पे' अवश्य दाखवावा, आणि त्याला लागूनच 'फायडोनेट'चा भाग. नंतर एकच विचारावे : जेथे तुम्ही एक पैसाही भरत नाही, तेथे हिशेब कोणाला विचारणार?